जेवणाऐवजी शेक? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वजनाबद्दल लिहिताना जेवणाऐवजी घ्यायच्या शेकचा ओझरता उल्लेख आला होता. सर्वांत जास्त पत्रं त्यावरच आली, आणि त्यातली बरीचशी सातारा-सांगली भागातली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असं काही चालू असेल, तर आधी कऱ्हाडच्या प्रश्नाचं उत्तर वाचा. बाकीचं त्यानंतर.

प्रश्न : माझं वय ३८, वजन ७४ किलो. कॉलनीतल्या ओळखीच्या ताईंकडून पावडरचा डबा घेतला. रोज सकाळी दोन चमचे पावडर, मोठा ग्लास म्हशीचं दूध, एक केळं आणि दोन खजूर असा शेक घेते. डब्यावर एका ग्लासात २०० कॅलरी असं लिहिलंय. दहा वाजता भूक लागते म्हणून थोडे पोहे खाते. दोन महिने झाले, वजन उलट दीड किलोनं वाढलं. पावडर बनावट असेल का? (गोडोली, सातारा)

पावडरवर संशय घेण्याआधी ग्लासाची बेरीज करू. डब्यावरच्या २०० कॅलरी कशाच्या, ते तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : साधारण ३३ ग्रॅम पावडर आणि २०० मिलि साय काढलेलं दूध. पावडरीच्या १२५ आणि दुधाच्या ७०, म्हणजे जवळपास २००. हिशोब खरा आहे, पण तो तुमच्या ग्लासाचा नाही. गवळ्याकडच्या म्हशीच्या दुधात ६ टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असतो. मोठा ग्लास ३०० मिलिचा धरला तर नुसत्या दुधाच्याच २७० कॅलरी होतात. केळ्याच्या ११०, दोन खजुरांच्या ५५, पावडरच्या १२५. बेरीज ५६०. त्यावर पोहे बशीभर म्हटले तरी अडीचशे-तीनशेच्या घरात जातात. शेक जेवणाऐवजी घ्यायचा असतो, तुमच्याकडे तो नाश्त्याच्या आधी येऊन बसलाय.

दुसरी चूक चमच्यात असण्याची शक्यता आहे. डब्यातला चमचा सपाट भरून मोजायचा असतो. आपण साखर भरतो तसा शीग लावून भरला, तर दोन चमच्यांत ३३ ऐवजी ४५ ग्रॅम पावडर सहज येते. डबा महिनाभर पुरायला हवा होता आणि बावीस दिवसांत संपला, असं झालं तर हेच कारण. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. रिकामा ग्लास त्यावर ठेवायचा, शून्याचं बटण दाबायचं आणि मग पावडर घालायची. आठवडाभर असं मोजलं की नंतर हाताला अंदाज येतो.

आता बदल काय करायचा? दूध २५० मिलि टोन्ड घ्या (३ टक्के स्निग्धांश, साधारण १४५ कॅलरी). गवळ्याचंच दूध हवं असेल तर ते तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी साय पूर्ण काढा आणि १५० मिलि दुधात १०० मिलि पाणी घाला. खजूर बंद. केळं हवंच असेल तर अर्धं. ग्लास साधारण २७० ते ३२० कॅलरींचा होईल.

दहाची भूक खोटी नाही. पातळ पदार्थ पोटातून लवकर पुढे सरकतो, आणि चावणं नसलं की खाल्ल्यासारखं वाटत नाही. म्हणून शेक घटाघटा पिऊ नका, पंधरा-वीस मिनिटं लावा. सोबत चावायला काहीतरी ठेवा : एक काकडी, गाजर किंवा वाटीभर वाफवलेली मोडाची मटकी. मटकीच्या वाटीनं ऐंशी-शंभर कॅलरी वाढतील, पण पोह्यांची बशी टळेल.

तुमच्यासारखंच आणखी तिघींनी लिहिलंय. त्या पावडर विकणाऱ्यांच्या सकाळच्या ‘क्लब’मध्ये जाऊन तयार ग्लास घेतात. तिथे ग्लासात किती पावडर पडली हे कळतच नाही. डबा समोर ठेवून मोजून घालायला सांगा, त्यात भिडेचं काही नाही. आणि सल्ला देणाऱ्यांचं शिक्षण विचारा. विक्रीचं प्रशिक्षण वेगळं, आहारशास्त्राची पदवी वेगळी.

प्रश्न : दुकानात प्रोटीन पावडर, माल्ट पेय आणि मील रिप्लेसमेंट शेजारी शेजारी ठेवलेले असतात. डबा बघून फरक कसा ओळखायचा? (मिरज)

पुढची बाजू बघूच नका, डबा फिरवा. ‘आरोग्य पेय’ नावाचा प्रकार आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात नाहीच. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना माल्ट पेयं त्या नावाखाली दाखवू नका असं कळवलं.

मागच्या तक्त्यात तीन रकाने असतात : १०० ग्रॅममध्ये, एका वाढपात (म्हणजे एका वेळच्या मापात) पावडर नुसती, आणि एका वाढपात दुधासकट. जाहिरातीतला मोठा प्रथिनांचा आकडा बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यातला असतो, म्हणजे त्यातले सहा-सात ग्रॅम तुमच्या दुधाचे. तुलना करायची तर दुसरा रकाना धरा.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार वजन आटोक्यात ठेवण्यासाठी एका जेवणाऐवजी घ्यायच्या पदार्थात २०० ते ४०० कॅलरी असाव्यात, आणि त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून याव्यात. १ ग्रॅम प्रथिनाच्या ४ कॅलरी. म्हणजे २०० कॅलरींच्या ग्लासात किमान साडेबारा ग्रॅम प्रथिनं हवीत, ३०० च्या ग्लासात १९ च्या आसपास. शिवाय जीवनसत्त्वं आणि खनिजं दिवसाच्या गरजेच्या पाव ते एक तृतीयांश. नुसत्या व्हे प्रोटीनच्या (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या) डब्यात २४ ग्रॅम प्रथिनं असतील, पण तंतू (फायबर), लोह, जीवनसत्त्वं नाममात्र. ते जेवण होत नाही. माल्ट पेयात उलट : धान्य आणि साखर भरपूर, प्रथिनं तुटपुंजी.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. पहिल्या दोन नावांत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर तो डबा मुख्यतः पिष्टाचा (कार्बोहायड्रेटचा) आहे. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, ‘साखर नाही’ असं लिहिलेल्या डब्यातही ते असतं, पण रक्तातली साखर भराभर चढवतं. ‘ॲडेड शुगर’ची ओळ वेगळी असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं म्हटलंय. एका ग्लासातच १२-१५ ग्रॅम गेली तर चहाला काय उरलं?

तंतू वाढपात निदान ४-५ ग्रॅम असावेत. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. किंमत डब्याची बघू नका, ग्लासाची बघा : ५०० ग्रॅमचा डबा १,५०० रुपयांना आणि वाढप ३३ ग्रॅमचं, म्हणजे १५ ग्लास, एक ग्लास १०० रुपयांना, दूध वेगळं.

प्रश्न : यंत्रमागावर रात्रपाळी असते, रात्री आठ ते सकाळी आठ. सकाळी घरी आलो की भाकरी-भाजी खाऊन झोपतो, संध्याकाळी सातला जेवून कामावर. रात्री चार कप चहा, दोनच्या सुमारास वडापाव नाहीतर भडंग. पोट सुटलंय. सकाळचं जेवण बंद करून शेक घ्यावा का? (विटा)

सकाळची भाकरी-भाजी सोडू नका. तुमच्या चोवीस तासांतलं ते चांगल्यापैकी जेवण आहे. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू असतात. सोबत पालेभाजी, आमटी, कांदा, असं ताट कुठल्या डब्यात मिळत नाही. शेक लावायचा तो दिवसातल्या सर्वांत निकस खाण्याच्या जागी. तुमच्याबाबतीत ती जागा रात्रीच्या दोनची.

बहुतेकांची गफलत इथेच होते. सोयीचं म्हणून दुपारचं ताट उचलतात आणि पाच वाजताचं फरसाण तसंच ठेवतात. मग तंतू कमी, भूक जास्त, आणि फरसाण दुप्पट.

वडापाव तीनशे कॅलरींच्या आसपास. चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, एकूण ४० ग्रॅम साखर : १६० कॅलरी, दूध सोडून. रोज रात्री साडेचारशेच्या वर, आणि प्रथिनं जेमतेम. त्याऐवजी असं करा. घरून निघताना मोजलेली कोरडी पावडर आणि रिकामा शेकर घ्या, तिथे आधी पाणी, मग पावडर घाला. दूध नेऊ नका, मागाच्या शेडमधल्या उकाड्यात ते टिकत नाही. पाण्यात कालवलेल्या शेकमध्ये प्रथिनं कमी पडतात, म्हणून सोबत मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे चावून खा. त्यातून ६ ग्रॅम मिळतील. वेळ दोनची ठेवू नका, साडेबारा-एकची ठेवा. दोनपर्यंत भूक कडाडली की हात वडापावकडेच जातो. चहा दोन कप, साखर एक चमचा, शेवटचा कप तीनच्या आधी, नाहीतर सकाळी झोप लागणार नाही. भडंग सुट्टीच्या दिवशी खा, बशीत काढून. पिशवीतून नको.

वजन आठवड्यातून एकदाच करा, रात्रपाळीनंतर घरी आल्यावर, जेवायच्या आधी. आठवड्याला अर्धा किलो कमी होत असेल तर काही बदलायची गरज नाही.

प्रश्न : वय ४५, चार वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१. परदेशात फक्त शेकवर राहून मधुमेह गेल्याचं वाचलं. तिन्ही वेळा शेक सुरू करू का? थायरॉइडची गोळीही आहे. (कऱ्हाड)

तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण अर्धं. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेले, इन्सुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले लोक होते. तीन ते पाच महिने फक्त शेक-सूपवर, रोज ८२५ ते ८५३ कॅलरी. नंतर दोन ते आठ आठवड्यांत हळूहळू जेवण परत, आणि पुढे नियमित तपासणी. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांचा. उरलेली अर्धी गोष्ट अशी की त्यांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवली होती.

तुम्ही औषध तसंच ठेवून जेवण काढलंत तर धोका ग्लिमेपिराइडचा. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जेवण असो वा नसो. पोटात पिष्ट कमी आणि गोळी पूर्ण, म्हणजे साखर घसरणार. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी शेक पिऊ नका. त्यातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका वेगळा : पिष्ट फार कमी केलं तर साखर वरवर ठीक दिसूनही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, उलटी, धाप लागली तर शेक बंद आणि थेट दवाखाना. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. आणि वजन फार झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनानं काहीच करू नये.

तुम्हाला आमचा सल्ला : तिन्ही वेळा नको. डॉक्टरांना भेटा, ग्लिमेपिराइडची मात्रा ठरवून घ्या आणि एका जेवणापासून सुरुवात करा, शक्यतो रात्रीच्या. पहिले दहा दिवस शेकच्या आधी आणि दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहा. दोन तासांनंतरचा आकडा ६०-७० नं चढत असेल तर डबा बहुधा माल्टोडेक्स्ट्रिनचा आहे, बदला.

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर घ्या. शेकमध्ये कॅल्शियम आणि लोह असतं, काहींमध्ये सोया. तिन्ही गोळीचं शोषण अडवतात. गोळी आणि असा शेक यांत चार तासांचं अंतर हवं. सकाळी सहाला गोळी आणि साडेसहाला शेक असं करणाऱ्या कितीतरी जणींचा टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) विनाकारण चढतो आणि मग गोळीच वाढवली जाते. रात्रीचा शेक ठेवला तर हा प्रश्न आपोआप मिटतो. लोहाची गोळीही दुधाच्या शेकबरोबर नको.

रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा असिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी डब्यातलं ‘के’ जीवनसत्त्व बघावं. ते अचानक सुरू झालं किंवा बंद झालं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) हलतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं, पोटॅशियम, फॉस्फरस तिन्ही मोजावे लागतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजनासाठी शेक घेऊ नये.

प्रश्न : विकतचा डबा परवडत नाही. घरी पावडर करता येईल का? आमच्याकडचा वाघ्या घेवडा दळून घातला तर प्रथिनं वाढतील ना? (कोरेगाव)

घरी जरूर करा, पण घेवडा कच्चा दळून अजिबात घालू नका. वाघ्या घेवडा राजम्याच्या जातीचा. कच्च्या दाण्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. त्यानं दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तव्यावर वरवर भाजून ते जात नाही, कारण आतला दाणा पुरेसा तापत नाही. घेवडा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण शिजवायचा आणि आमटी करून जेवायचा. शेक ही त्याची जागा नव्हे.

घरच्या पावडरीला डाळं उत्तम. आपलं सातूचं पीठ म्हणजे तरी काय? भाजलेल्या धान्याचं आणि डाळ्याचं पाण्यात-दुधात कालवून प्यायचं जेवणच.

एका ग्लासाचं प्रमाण :

पंढरपुरी डाळ्याचं पीठ ३० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर २० ग्रॅम (माल्ट पेय नव्हे, साधी दूध पावडर), भाजलेल्या जवसाचं कूट १० ग्रॅम, टोन्ड दूध २०० मिलि. यातून साधारण ३५० कॅलरी आणि २१-२२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. गोडीला अर्धं केळं किंवा एक चमचा गूळ. वेलदोडा चवीपुरता.

डाळं आधीच भाजलेलं असलं तरी मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. दमटपणा गेला नाही तर पीठ मिक्सरच्या पात्याखाली चिकटतं आणि आठवड्यात वास धरतं. ताटात पसरून पूर्ण गार करा, मगच दळा आणि बारीक चाळणीनं चाळा. गरम असताना डब्यात भरलं की झाकणाला आतून पाणी सुटतं. गार झालेलं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे टिकतं. जवस तडतडेपर्यंत भाजायचा, करपवायचा नाही, आणि कूट पिठात मिसळून ठेवायचं नाही. त्याचं तेल हवेनं खवट होतं. आठवड्यापुरतंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

कालवताना आधी दूध पावडर आणि पीठ पाव वाटी पाण्यात पेस्टसारखं करून घ्या, मग थोडं थोडं दूध. सगळं एकदम ओतलं की तळाशी गोळा बसतो. लगेच प्या. पंधरा मिनिटं राहिलं तर जवस फुगून खिरीसारखं होतं.

गोड नको असेल तर ३५ ग्रॅम डाळ्याचं पीठ, १५० ग्रॅम दही, १० ग्रॅम जवस, पाणी, मीठ, भाजलेलं जिरं. कॅलरी २७५ च्या आसपास, प्रथिनं १४-१५ ग्रॅम. उन्हाळ्यात हेच जास्त बरं लागतं.

यात विकतच्यासारखी जीवनसत्त्वं घातलेली नाहीत, म्हणून दिवसात एकच ग्लास, आणि बाकी दोन जेवणांत भाजी, डाळ, फळ हवंच.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे. दातांमुळे भाकरी चावत नाही. सहा महिन्यांत वजन ५२ वरून ४७ झालं. जेवणाऐवजी शेक द्यावा का? (वाई)

जेवणाऐवजी नको, जेवणाव्यतिरिक्त द्या, म्हणजे जेवण ठेवून वर. शब्द जवळचे, काम उलटं. आणि त्याआधी डॉक्टर : सहा महिन्यांत ५ किलो म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. दात हे कारण असेलही, पण थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, पोटाचे विकार आणि कर्करोग बघितल्याशिवाय दातांवर ढकलू नका.

शेक १५०-२०० मिलि, दोनदा : सकाळी अकरा आणि दुपारी साडेचार. जेवणाच्या आधी दिला तर जेवण बुडतं. वजन कमी करायचे डबे त्यांना आणू नका. इथे सायीसकट दूधच हवं. एक चमचा तुपाच्या ४५ कॅलरी, दोन चमचे दाण्याच्या बारीक कुटाच्या साठेक. दोन्ही शेकमध्ये चालतं. मूत्रपिंड ठीक असेल तर या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे त्यांना पन्नासच्या आसपास.

जेवणात दुधात कुस्करलेली भाकरी, मुगाची मऊ खिचडी, हुलग्याचं माडगं, अंडं चालत असेल तर मऊ उकडलेलं. पिताना ठसका लागतो का, नंतर आवाज घोगरा-ओलसर होतो का, हे बघा. होत असेल तर गिळण्याचा त्रास आहे आणि पातळ शेक श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसवूनच पाजा, नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका, आणि डॉक्टरांना हे वेगळं सांगा.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची. रात्री फक्त शेक घेते, वजन ५४ आहे, जाड दिसते म्हणते. चालेल का? (जत)

चालणार नाही. हे डबे अठराच्या वरच्यांसाठी असतात, आणि वाढीच्या वयात रात्रीचं जेवण काढलं की लोह आणि कॅल्शियम मागे पडतं. पाळी अनियमित झाली आहे का, केस जास्त गळतात का, जेवण लपवून टाकून देते का, हे न रागावता बघा. यातलं काही दिसलं तर आहारतज्ज्ञाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : घरचाच बेदाणा आहे. साखरेऐवजी शेकमध्ये घातला तर हवा तेवढा चालेल का? (तासगाव)

बेदाण्यात लोह, तंतू थोडे मिळतात, पण ३० ग्रॅम, म्हणजे छोटी मूठ, घातली की २० ग्रॅम साखर आणि ९० कॅलरी गेल्या. भिजवून ती कमी होत नाही. भिजवलेलं पाणी टाकलं तर थोडी जाते, पण ते पाणी कोणी टाकत नाही. दहा दाणे घाला. बाकीचे विका, भाव चांगला असेल तर!

प्रश्न : उपवासाला शेक चालतो का? (फलटण)

बहुतेक डब्यांत सोया, ओट किंवा मक्यापासूनचं माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे धान्य-कडधान्य आलंच. चालतं की नाही हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आहाराच्या बाजूनं एवढंच : साबुदाण्याच्या वाटीपेक्षा दूध, शेंगदाणे आणि राजगिरा यांत प्रथिनं कितीतरी जास्त.

प्रश्न : शेकमध्ये गुठळ्या होतात, गॅस धरतो, आणि शेकर कितीही घासला तरी आंबूस वास येतो. (विश्रामबाग, सांगली)

गुठळ्यांचं कारण क्रमात आहे. आधी पावडर टाकून वर दूध ओतलं की खालचा थर बाहेरून ओला, आतून कोरडा राहतो. आधी दूध, मग पावडर, मग तारेचा गोळा टाकून अर्धा मिनिट हलवा. दूध कढत नको. व्हे प्रथिनं ७० अंशांच्या वर फाटल्यासारखी गोळा होतात. गरम हवं असेल तर कोमट दुधात कालवा, उकळू नका.

गॅस बहुधा दुधातल्या लॅक्टोज या साखरेचा, नाहीतर वरून घातलेल्या इन्युलिन या तंतूचा. पाच दिवस अर्धं वाढप पाण्यात घ्या. त्रास गेला तर दूध कारणीभूत, दही किंवा सोया दूध वापरून बघा. पाण्यातही राहिला तर डबा बदला. उलट मलावरोध झाला असेल तर दिवसभराचं पाणी दोन-तीन ग्लासांनी वाढवा.

वास झाकणातल्या रबरी कड्याखालून येतो. शेक तिथे शिरतो आणि घासणी पोचत नाही. चमच्याच्या टोकानं कडं उचकटून काढा, गरम पाणी आणि खायच्या सोड्यात अर्धा तास बुडवा, सुकल्यावर बसवा. शेकर धुतल्यावर झाकण उघडं ठेवून उपडा घाला. आणि एप्रिल-मे महिन्यात कालवलेला शेक गाडीच्या डिकीत ठेवू नका. सांगलीच्या उन्हात तो तासाभरात नासतो, आणि चॉकलेटच्या चवीखाली ते लक्षातही येत नाही.